साखरेवरचे दोन थेंब

मी निघाले त्या दिवशी बाबा फाटकापर्यंतसुद्धा आले नाहीत. चार पावलं चालले की त्यांना दम लागायचा आणि टॅक्सीवाल्यासमोर खोकायची त्यांना लाज वाटत होती. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिची धूळ त्यांच्या छातीत मुक्कामालाच होती. ते दारातल्या खुर्चीत बसून नुसता हात हलवत राहिले. आईने मात्र टॅक्सीच्या खिडकीतून हात आत घालून माझ्या पर्समध्ये निलगिरीच्या तेलाची बाटली कोंबली.

"तिकडे थंडी फार. दोन थेंब, साखरेवर."

"आई, मी फार्मसी शिकलेय."

"मग तर तुला कळायलाच हवं."

बाटली विमानात गळली. अमेरिकेत कॅरीला पोचल्यावर माझ्या सगळ्या सर्टिफिकेटांना आठवडाभर आपल्या खाणकामगारांच्या लाइनीचा वास येत होता.

कोलारच्या सोन्याच्या खाणीवर अजून राहणाऱ्यांनो आणि माझ्यासारख्या कुठेकुठे पांगलेल्यांनो, तो वास तुम्हाला समजावून सांगायला नको. माझे आजोबा साहेबाच्या राज्यात बेळगावकडून खाणीवर कामाला आले. घरात मराठी आणि लाइनीत तमिळ, असं तेव्हापासून चालू झालं. साहेबांच्या बंगल्यांत सर्दीला निलगिरीचं तेल वापरायचे. तिथून ते दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हातून आपल्या एका खोलीच्या घरांत आलं, आणि साहेब गेले तरी ते गेलं नाही. वारा सुटला की सोनं काढून उरलेल्या सायनाइडच्या ढिगाऱ्यांवरची पांढरी पूड दाराच्या फटीतून आत यायची आणि अख्खी लाइन खोकत बसायची. मग उकळत्या पाण्यात तेल, उशीखालच्या चिंधीवर तेल, बाबा पाळीवर निघाले की त्यांच्या कॉलरला तेल. आणि आम्हा पोरांना चमचाभर साखर, तिच्यावर दोन थेंब. जीभ पोळायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि आई म्हणायची, "बघ, उतरलं."

आमच्या बाटलीच्या बुचाला बाबांनी ब्लेडने बारीक खाच पाडली होती. बाटली उपडी केली तरी थेंबच पडायचा, धार कधी लागायची नाही. तेव्हा मला ती नुसती बाबांची एक हौस वाटायची.

आम्ही सगळे ते खाऊन वाढलो, कुणाला काही झालं का? हे वाक्य मी इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये कितीदा ऐटीत बोललेय. आणि माझी नोकरी काय, तर एका औषध कंपनीत बसून औषधांमुळे लोकांना झालेल्या त्रासाचे रिपोर्ट वाचायचे. लहान मुलांच्या पोटात निलगिरीचं तेल गेलं तर काय होतं, हे मला पाठ आहे. हे आईला मी कधीच नीट सांगितलं नाही. का, तर ती वाईट वाटून घेईल.

बाबा गेल्यानंतर आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. इरा तेव्हा दोन वर्षांची होती. डेकेअरमध्ये जाणारं मूल म्हणजे नाक कायम वाहतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या लहान मुलाला खोकल्याचं औषध देत नाहीत. आईला ते मुळीच पटलं नाही. "एवढा मोठा देश, आणि खोकल्याला औषध नाही?" तिला बरं वाटावं म्हणून मी निलगिरीच्या तेलाची बाटली मागवली आणि डिफ्युझरमध्ये घालून घरभर वास केला. बाटलीच्या तोंडाशी प्लास्टिकची बारीक चकती होती, तिच्यातून एकेक थेंब टपकायचा. मला तेवढा धीर कुठला? सुरीच्या टोकाने ती चकती मी उचकटून काढली आणि कचऱ्यात टाकली.

शनिवारची दुपार होती. माझा नवरा समीर ग्रोसरीला गेला होता. मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. खाली आले तर इरा गालिच्यावर बसायला बघत होती आणि एका बाजूला कलंडत होती. उचललं तर मान सैल. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

"आई, हिला काय दिलंस?"

"काही नाही. खेळून दमलीय."

"साखर दिलीस?"

"नाही म्हटलं ना!"

डिफ्युझर चालू होता, घरभर तोच वास. इराच्या तोंडाचा वास कोणता आणि घराचा कोणता, कळायला मार्ग नव्हता. मी नाइन वन वनला फोन केला. आई माझ्या मागे मागे फिरत नुसतं "दमलीय गं ती" म्हणत राहिली. मंडळातल्या एका काकूंनी तिला सांगून ठेवलं होतं की इथे मुलाला काही झालं तर पोलीस येतात आणि मूल उचलून नेतात. त्या भीतीने ती खोटं बोलत होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला होता की तिच्याकडे बघवत नव्हतं.

अँब्युलन्समध्ये घराचा वास नव्हता. मी इराच्या तोंडाजवळ नाक नेलं. लहानपणी चमचा चाटून झाल्यावर माझ्या स्वतःच्या श्वासाला यायचा तोच वास.

हॉस्पिटलात डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, पोटात काय गेलंय. आई साडीवर माझं जॅकेट घालून कोपऱ्यात उभी होती. मी इंग्रजीत सांगितलं की माझ्या आईने तिला निलगिरीचं तेल पाजलंय. आईला इंग्रजी येत नाही, पण 'मदर' एवढं येतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली.

"किती?" डॉक्टरने विचारलं. ते फक्त आईला ठाऊक होतं.

"आई, आत्ता खोटं बोललीस तर पोरगी हातची जाईल."

आई पुढे आली. टेबलावर कागदी पेला होता, तिने तो नळाखाली भरला. नर्सकडे खूण करून औषधाचा चमचा मागितला. मग पेला तिरका करून चमच्यात पाणी ओतलं. चमचा भरून वाहिला. तिने त्यातलं थोडं बेसिनमध्ये सांडलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, अजून थोडं सांडलं आणि चमचा डॉक्टरसमोर धरला. हात जरासुद्धा हलत नव्हता.

"एवढं. अर्धा चमचा. साखर विरघळून गेली. दोनच थेंब घालणार होते मी. बाटलीला बूच नव्हतं गं, एकदम बदकन पडलं."

डॉक्टर माझ्याकडे बघत होता. "अर्धा चमचा," मी इंग्रजीत म्हणाले. बुचाचं वाक्य मी सांगितलं नाही. त्याच्या कामाचं नव्हतं ते, हे खरंच आहे. पण मी ते त्या कारणाने गाळलं नाही.

त्यानंतरचे चार तास मी इराच्या छातीकडे बघत बसले. फिट येऊ शकते, श्वास मंदावू शकतो, हे सगळं वाचून ठेवल्याचा तेव्हा नुसता जाच झाला. समीर धावत आला. आईला ओलांडून तो थेट इराच्या पलंगाशी गेला. अंधार पडायच्या आत इराने डोळे उघडले आणि "जूस" म्हणाली. मी हुंदके देऊन रडले. एक सोशल वर्करबाई आल्या, अगदी सौम्यपणे विचारत होत्या, आणि मी सांगत होते की ही आमच्याकडची जुनी पद्धत, आईला माहीत नव्हतं, पुन्हा होणार नाही. आईला माहीत नव्हतं. तीनदा म्हणाले मी ते.

घरी आल्यावर समीरने औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कीचेनला अडकवली. इरासाठी आहे, असं आम्ही म्हणालो. इराचा हात त्या कपाटाला टाचा उंचावूनही पोचत नाही. आईला समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून तिने इराला मांडीवर घेतलं नाही. इरा धावत आली की ती हात पदराखाली घ्यायची. मी ऑफिसमधून सुट्टी टाकून इराला घरीच ठेवलं होतं, म्हणजे थोडक्यात आईवर पहारा करत होते. आणि आई माझ्याविषयी एक अक्षर बोलत नव्हती, ना समीरकडे, ना फोनवर मावशीकडे.

आठ-दहा दिवसांनी सकाळी चहा घेताना ती समीरला म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघा."

समीरने लगेच लॅपटॉप उघडला. "बघतो आई. प्रीपोन करता येईल बहुतेक."

मला वाटलं होतं की हे बोलायला मला योग्य वेळ मिळेल. तशी वेळ येत नसते. मी म्हणाले, "बाटलीची चकती मी काढली होती."

"व्हॉट?"

"ड्रॉपरची चकती. थेंब हळू पडतात म्हणून सुरीने काढून फेकून दिली. आईने तेव्हाच सांगितलं होतं हॉस्पिटलात. मी ट्रान्सलेट केलं नाही."

समीरने लॅपटॉप बाजूला सरकवला. "इतके दिवस? यार, तू रोज हेच काम करतेस ना?"

"हो."

आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. "कशाला बोलतेस?" ती म्हणाली. "झालं ते झालं. पाजलं तर मीच ना?"

ते खरंच होतं. पाजलं तिने, बाटली उघडी ठेवली मी, आणि दोष सगळा तिच्या नावावर ठेवून मी दहा दिवस सुखाने जेवत होते. मी समीरच्या कीचेनमधून किल्ली सोडवली. तो अडवेल असं वाटलं, पण त्याने नुसता लॅपटॉप मिटला. मी किल्ली आईच्या हातात दिली, इराला तिच्या कडेवर दिलं आणि म्हणाले, "मी ऑफिसला जातेय. समीरलाही निघायचंय. संध्याकाळी येईन."

"अगं, आज नको. ऑफिस कॅन्सल कर," आई म्हणाली.

"नाही करत."

पहिल्याच सिग्नलला मी गाडी परत वळवणार होते, खोटं कशाला सांगू? डेस्कवर फोन समोर ठेवून मी एकच रिपोर्ट चार वेळा वाचला. घरी फोन करायचा नाही, असं स्वतःला बजावलं होतं. तुम्ही मला नेहमी विचारता, आता घर कुठलं, खाणीवरचं की कॅरीचं? इतकी वर्षं मी गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेली. माझे बाबा, खाण, लाइन, सगळं मागे राहिलं म्हणून हळवं व्हायला मला आवडायचं. पण आपली माणसं मागे ठेवून येण्यापेक्षा, ती इथे आल्यावर त्यांच्यावर विश्वास ठेवणं मला जड गेलं. जिथे तो विश्वास ठेवता येतो ते घर, मला आता एवढंच कळतं.

साडेअकराला फोन वाजला. आईचा. मी पर्स उचलतच तो घेतला.

"काय झालं?"

"इराला दोनदा शिंक आली," आई म्हणाली. "मी काही दिलेलं नाही. नुसतं सांगायला फोन केला."