चष्मेवाल्यांचं सोपं गाणं

माझी जीभ तिखट आहे असं लोक सांगतात आणि मला ते पटतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा रोग. पण कराओकेच्या काउंटरवर अशीच बाई लागते. सहा खोल्या, प्रत्येकीत पाच-सात जण बेंबीच्या देठापासून ओरडणार, आणि वेळ संपली की 'अजून एकच' म्हणून गळ्यात पडणार. त्यांना बाहेर काढायचं म्हणजे गोड बोलून चालत नाही.

आमच्या बरोबर खाली चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचे. फिरत्या चाकावर पाणी ठिबकत असायचं. ते भिंगाची कड त्याला टेकवायचे, जरा फिरवायचे, उचलून फ्रेममध्ये बसतंय का बघायचे, पुन्हा टेकवायचे. एका भिंगाला वीस-वीस वेळा. बायको गेली तेव्हा लेक सहा वर्षांची होती. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, वेण्या घालायलाही शिकले. दिवसभरात दहा वाक्यं बोलत असतील तर शपथ. आमच्याशी बोलायचं झालं तर झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे, आणि मी वरून पाय आपटून उत्तर द्यायची.

सगळ्यात जास्त ठोकायचे ते त्यांची लेक आलेली असली की. तिला सगळे भिंगरी म्हणत. कॉलेजच्या मैत्रिणी घेऊन ती तीन नंबरच्या खोलीत जपानी रॉक म्हणायची, आणि काय म्हणायची! काचा थरथरायच्या. स्वतःच्या पोरीचं गाणं, पण बापाचा दांडा काही थांबायचा नाही.

एका दुपारी हा माणूस चक्क जिना चढून वर आला.

"ताई, एक जपानी गाणं शिकायचंय. ते रॉक का काय ते. त्यातल्या त्यात सोपं."

"अगंबाई! आज सूर्य कुठे उगवला? आणि हा आवाज घेऊन गाणार? गंजलेली बिजागरी बरी की हो."

ते हसले. मग खुर्चीवर बसले आणि भिंगाचा नंबर सांगावा तसं सांगितलं. घशात गाठ आहे. तीन आठवड्यांनी मंगळवारी ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. नंतर गळ्याला भोक ठेवतील, श्वास त्यातून घ्यायचा. आवाज राहणार नाही.

धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला. बिजागरी म्हणे! माझ्या जिभेला काही हाड?

"भिंगरीला माहीत आहे?"

"गाठ काढणार एवढंच. परीक्षा चालू आहे तिची, ऑपरेशनच्या आधीच्या शनिवारी शेवटचा पेपर. रविवारी तिला इथं आणतो, तिच्या गाण्यांतलं एक तिच्यासमोर म्हणतो, मग घरी जाऊन सांगतो."

"आधी सांगा की हो, चष्मेवाले."

"आधी सांगितलं तर ती रडत ऐकेल. सहा वर्षं तिच्या गाण्यावर दांडा आपटला मी, ताई. एकदा तिच्याबरोबर म्हणायचंय. आणि ती हसताना बघायचीय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, म्हणा थोडं थोडं. आता जपून कुणासाठी ठेवायचंय?"

मग मी कामाला लागले. रडायला वेळ नव्हता. भिंगरीची सगळी गाणी मला तोंडपाठ होती. त्यांना तिचं सगळ्यात आवडतं तेच हवं होतं. मी म्हटलं, विसरा. ते गाणं सुरू होतं तेच माडीवरून, आणि शेवटी गच्चीवर जातं. दुसरं एक खालच्या पट्टीतलं होतं, पण त्यात शब्दांची अशी खेचाखेची की श्वास घ्यायला फट नाही. तिसऱ्यात मधेच किंचाळायचं होतं. लोकांना वाटतं संथ गाणं सोपं. कसलं सोपं! संथ गाण्यात एकेक सूर ओढत धरावा लागतो, दमाच्या माणसाचा जीव जातो. सोपं म्हणजे मध्यम चालीचं, तुटक शब्दांचं, ध्रुवपद चारदा तेच, आणि मधे भरपूर गिटार, म्हणजे तेवढ्यात पाणी पिता येतं.

असं एक सापडलं. भिंगरी ते गळा गरम करायला पहिलं म्हणायची. मी मशीनवर पट्टी चार घरं खाली आणली आणि शब्द देवनागरीत कागदावर उतरवले.

"अर्थ काय याचा?" त्यांनी विचारलं.

"भिंगरीची मैत्रीण म्हणत होती, एक जण बसची वाट बघतोय. बास."

"बरं झालं. मोठं काही नको."

रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते वर यायचे. पहिले चार दिवस गाणं बसेचना. ताल बरोबर, पण दर ओळीला अर्धी मात्रा मागे. मी कपाळावर हात मारून घ्यायची. शेवटी कान देऊन ऐकलं तर काय! मी कागदावर जिथं जिथं दम घ्यायचा तिथं 'श्वास' असं लिहिलं होतं, आणि हे महाशय तेही गात होते. चांगलं ठसक्यात. जपानी, जपानी, जपानी, श्वास!

"अहो, श्वास म्हणायचा नाही, घ्यायचा!"

"मला वाटलं त्यांच्यातही असेल तसा शब्द."

आम्ही दोघं इतके हसलो की त्यांना खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर लाल डाग पडला. त्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, चला, पहिल्यापासून. मी बटण दाबलं. तो माणूस वीस वेळा कड घासणारा, तो काय सोडतोय!

रविवारी अकराला बापलेक आले. भिंगरीला वाटलं पेपर संपले म्हणून बाबा लाड करतायत. मी पाण्याचा जग घेऊन गेले आणि निर्लज्जासारखी दारात उभी राहिले. पडद्यावर गाण्याचं नाव आलं तशी ती म्हणाली, "काकू, हे चुकून लागलं वाटतं." तेवढ्यात चष्मेवाल्यांनी माईक उचलला.

आवाज फाटका होता, पण जागेवर होता. भिंगरीचं तोंड उघडंच राहिलं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात ती टाळ्या वाजवायला लागली, आणि ते बघून हे गडबडले आणि खणखणीत म्हणाले, "श्वास!"

भिंगरी सोफ्यावर आडवी झाली हसून हसून. डोळ्यांतून पाणी. मग उठली, दुसरा माईक घेतला आणि उरलेलं दोघांनी मिळून म्हटलं. शेवटच्या ध्रुवपदाला त्यांचा नुसता वारा येत होता, सूर तिचाच होता, पण ओठ एकाही शब्दाला चुकले नाहीत. मी जग तिथंच ठेवून बाहेर आले. काउंटरवर बसून पदर तोंडात कोंबला.

अर्ध्या तासानं ते बाहेर आले. चष्मेवाले भिंतीला टेकून बूट घालत होते. भिंगरी धावत माझ्याकडे आली, गाल लालबुंद.

"काकू, तुम्ही शिकवलंत ना? ग्रेट आहात तुम्ही! पुढच्या रविवारची हीच खोली ठेवा. आणि बाबांसाठी अजून एक सोपं शोधा ना. त्या छोट्या ऑपरेशननंतर घसा मोकळा होईल, मग तर काय, मी त्यांना सोडतच नाही."

मी तिच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघितलं. हातात नाडी तशीच धरून ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. घरी पोचेपर्यंतचं तिचं हसणं ते माझ्याकडे मागत होते.

जन्मभर ज्याला त्याला फाडफाड बोलणारी मी. मी वही ओढली.

"लिहून घ्या, ताई," ते म्हणाले. नुसती कुजबुज.

मी लिहिलं. रविवार, अकरा वाजता, खोली नंबर तीन, माणसं दोन.