फ्रेमच्या पाठीवरचा आकडा

आमचे हे चित्रांना फ्रेमा करतात. छत्तीस वर्षं झाली. दुकान म्हणजे रस्त्याकडची एक खोली आणि मागे लाकूड कापायची दुसरी. पुढच्या खोलीत मी. माउंट कापायचं, काच पुसायची, पाठ बंद करायची. माउंट म्हणजे चित्र आणि लाकूड यांच्यामधली जाड कागदाची चौकट. ती चुकली तरच लोकांचं तिच्याकडे लक्ष जातं.

ह्यांचा एक नियम आहे. आलेलं चित्र पहिला दिवस समोरच्या भिंतीवर नुसतं चिमट्यांनी टांगायचं. आधी बघायचं, मग मोजायचं. कुणाच्या पणजोबांचं तैलचित्र असो, तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राची छापील प्रत असो, नाहीतर कालपरवा शिकून बाहेर पडलेल्या मुलीनं कॉम्प्युटरवर काढलेलं मांजर असो. दोघांनी समोर बसून चहा प्यायचा आणि बघत राहायचं. लग्न झालं तेव्हा मला हे खूळच वाटलं. मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? दिसलं की."

हे म्हणाले, "उजेड कुठून येतोय सांग."

"दारातून."

"चित्रात गं."

मग मी इरेला पेटले. तेव्हा एक जुनं काळपट चित्र आलं होतं, टेबलावर कापलेलं लिंबू आणि सुरी. बघता बघता मला दिसलं की सुरीच्या पात्यात लिंबाचा पिवळा उतरलाय, नखाएवढा. चहा गार होऊन गेला. तेव्हापासून मला चित्रं दिसायला लागली. ते ह्यांच्यामुळे, हे मी भांडतानासुद्धा कबूल करते.

माउंटचा रंग हेच निवडत. नमुन्याचे कोपरे चित्रावर ठेवायचे, मान वाकडी करायची आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं नंबर लिहायचा. ह्यांचा लाडका नऊ, सायीच्या रंगाचा. पण साठी उलटली आणि एकाएकी सगळ्या चित्रांना चार लागायला लागला. चार म्हणजे पांढराफटक, वर निळसर झाक. नऊ म्हणे मळका दिसतो. मी एकदा म्हटलं, "अहो, डोळे दाखवून या." दोन दिवस अबोला. ज्या माणसाला गाव नजरेसाठी ओळखतं, त्याला नजर गेली म्हणून सांगायचं तरी कसं?

मग मी तोंड मिटलं आणि मला पटेल तो रंग कापायला लागले. हे मागे करवतीपाशी असत, तेवढ्यात माउंट बसवायचं, पाठ बंद करायची आणि खाकी कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. पाठीवरचा त्यांचा आकडा मात्र मी कधी खोडला नाही. त्यांचं अक्षर होतं, माझा हातच झाला नाही. असं पाच वर्षं चाललं.

यंदा एकदाचे मोतीबिंदू काढले. घरी आल्यावर म्हणाले, "भिंत पांढरी आहे की. मी समजत होतो बिस्किटी आहे." दिवसभर खुशीत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात नमुन्यांचा डबा उघडला, चार नंबरचा कोपरा हातात घेतला आणि स्टुलावर बसले.

"हा लावत होतो मी?"

"हं."

"पाच वर्षं? लोकांची चित्रं दवाखान्यात नेऊन निजवली म्हणायची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगावं, तर पाच वर्षं नवऱ्याला फसवल्याचं निघतं. न सांगावं, तर ह्यांचा चेहरा बघवत नाही. मी काच पुसत राहिले. एवढ्यात हे उठले आणि म्हणाले, "घरोघर जाऊ. सगळे माउंट बदलून देऊ."

पहिलं घर चित्रकार बाईंचं, दोन गल्ल्या पलीकडे. त्या मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. बैठकीच्या खोलीत दोन भिंतीभर आमच्याच फ्रेमा. मधोमध एक हत्ती, भिजून चिंब, आणि त्याला टॉवेल देणारी मुंगी. हे जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले. मग फ्रेम उतरवून उलटी केली. पाठीवर ह्यांच्या हातचा चार. सुलटी केली. माउंट राखाडी, सात नंबरचा. माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होते.

बाई पाण्याचे ग्लास घेऊन आल्या. "रागावू नका, पण सांगते," त्या म्हणाल्या. "पूर्वी तुम्ही सगळ्याच चित्रांना तो सायीचा लावायचात. छान दिसायचं, पण सगळं सारखंच. ह्या चारपाच वर्षांत तुम्ही प्रत्येक चित्राचा वेगळा विचार करता. कळतं हो आम्हाला."

ह्यांनी पाणी प्यायलं, फ्रेम जागेवर लावली, सरळ केली आणि आम्ही निघालो. रस्त्यात मी सगळं सांगून टाकलं.

"मला का नाही बोललीस?"

"बोलले होते. दोन दिवस तुमचं तोंड फुगलेलं होतं."

पुढच्या कोपऱ्यावर हे थांबले. मग म्हणाले, "हत्तीला सात का?"

"त्याच्या कानाच्या आत तोच रंग आहे. नीट बघा कधी."

"मी नऊ लावला असता."

"माहितीये मला."

रात्री जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आता हे दुकानच बंद करतात की काय, ह्या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दुकानात गेलो तर आधल्या दिवशी आलेलं चित्र भिंतीवर होतं. कुणाच्या तरी आईनं म्हातारपणी काढलेली खिडकी, जलरंगातली. चहा झाला. ह्यांनी नमुन्यांचा डबा उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"निवड."

मी सहा काढला. ह्यांना नऊच हवा. तासभर वाद झाला, एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं. शेवटी ह्यांनी पुठ्ठा ओढला, पेन्सिलीनं सहाचा आकडा काढला आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: "निवड हिची. मी नऊ म्हणत होतो."