सुभेदारकाकांचा नंबर

मागच्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या इंदिरानगरातल्या सुभेदारकाकांवर अन्याय झाला. काका आदल्या रात्रीच वारले होते, म्हणून गप्प राहिले. जिवंतपणी त्यांच्या देखत रांगेत घुसून सुखरूप गेलेला एक माणूस उभ्या नाशकात दाखवा.

फौजेतून पेन्शनीत आल्यावर काकांनी फक्त शत्रू बदलला. पूर्वी रॉकेलच्या रांगेत लोक आपल्या जागी डबा नाहीतर वीट ठेवून घरी जायचे. काका डब्याला मान द्यायचे, विटेला नाही. "डबा रॉकेल घेतो. वीट काय घेणार?" पुढे अंबडच्या एका कारखान्यात ते गेटवर लागले. एकदा मालकच कार्ड पंच करणाऱ्यांची रांग ओलांडून आत निघाले. काका म्हणाले, "साहेब, कंपनी तुमचीच. पण पुढे बारा जण आहेत. मागे उभे राहा." मालक तेरावे उभे राहिले. नंतर त्यांनी स्वतःसाठी वेगळं दार पाडून घेतलं. काका हा आपला पराभव मानत.

नवरात्रात वणीच्या गाडीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. काकांनी एका वर्षी गाडीभरचे रुमाल गोळा केले, घड्या घातल्या आणि ज्याचे त्याला परत दिले.

"बाबा, तुम्ही कंडक्टर हाय का?" एकाने विचारलं.

"नाही. तुझ्या पुढे उभा होतो."

सगळ्यांना नंबराने चढवेपर्यंत गाडी भरली आणि काका खालीच राहिले. काकू आत होत्या. देवीचं दर्शन त्यांनी एकटीने घेतलं. अजूनही हे सांगताना त्या हसत नाहीत.

मी अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटतो. काका प्रत्येक पत्रक उभ्याउभ्या पुरतं वाचत आणि घडी घालून परत देत. "लिहितोस जोरात. बोलतोस का?"

सोमवारी स्मशानात एकच ओटा मोकळा होता आणि वहीत पहिला नंबर काकांचा होता. तेवढ्यात कुणा पुढाऱ्याच्या नातेवाइकाची तिरडी आली, मागे आठ-दहा गाड्या. पांढऱ्या शर्टातला एकजण आम्हाला म्हणाला, "तुमचं जरा थांबू द्या. साहेबांना मीटिंग आहे." आमच्यातलं कोणी काही बोललं नाही. मीही नाही. माझ्या खिशात पत्रकं होती. काका दीड तास थांबले. आम्ही त्यांच्यामागे, कुणी न सांगता, एकामागे एक उभे होतो.

परत आल्यावर काकू दारातच होत्या. "रांगेनं झालं ना रे सगळं? नाहीतर तिथंही भांडले असते."

"हो काकू. नंबरानेच झालं."

ते खोटं होतं. उद्या मी जाऊन काकूंना खरं सांगणार आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच: या आठवड्यात गॅसच्या, दवाखान्याच्या, कुठल्याही रांगेत कुणी तुमच्या पुढे किंवा तुमच्या पुढच्या म्हातारीच्या पुढे घुसला, तर खाली बघू नका. मोठ्याने म्हणा, "मागे उभे राहा."