चौघांत तीन खुर्च्या

जोग सरांच्या शनिवारच्या बैठकीला आम्ही एम.ई.चे चार विद्यार्थी आणि खुर्च्या तीन. ज्याचं काम सर्वांत रडतखडत झालं असेल त्याने उभं राहायचं. कोण उभं राहणार हे सर ठरवत नसत, आम्हालाच ठरवायला लावत. ‘‘गट तुमचा आहे, माझा नव्हे,’’ असं म्हणून ते शांतपणे चष्मा पुसत बसत.

कॉलेज घाटावर होतं. पण सरांचं संशोधन खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या काँक्रीटवर आणि सर मूळ रत्नागिरीचे, म्हणून आमचा मुक्काम मांडवीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. काँक्रीटचे ठोकळे समुद्रात बांधून ठेवायचे, काही महिन्यांनी ओहोटीला काढायचे आणि यंत्राखाली फोडून किती ताकद उरली ते बघायचं. कपड्यांना कायम शेवाळाचा वास येई. सरांना विषयातलं फार कळत होतं आणि माणसाला कुठे टोचलं की लागतं, हे त्याहून जास्त.

सर्वांत जास्त टोचणी गुरवच्या वाट्याला. गुरव लांज्याजवळच्या खेड्यातला, वडील मुंबईत गिरणीत. घरात शिकलेला हा पहिलाच. पाण्यात उतरायची आणि हाताने काम करायची अशी सवय आमच्यात दुसऱ्या कुणाला नव्हती. आमचेही ठोकळे तोच काढून आणायचा. त्याने पहिले आकडे दाखवले तेव्हा सरांनी कागद परत सरकवला.

‘‘गुरव, आंब्याला मोहोर येतो तशी तुला अक्कल येते काय रे? वर्षातून एकदा? पुन्हा कर.’’

त्याने पुन्हा केलं. आकडे तेच आले. सर म्हणाले, ‘‘चूकसुद्धा इमानदारीने करतोस हो. पुन्हा कर.’’ त्या शनिवारी गुरव कुणी न सांगता आपण होऊन उभा राहिला. पुढच्या सोमवारी त्याची ट्रंक शेडमध्ये नव्हती.

आम्ही सरांना सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच चिडलेले दिसले.

‘‘गाढव आहे. अरे, त्याचे आकडे पहिल्याच खेपेला बरोबर होते.’’

‘‘मग सर, तुम्ही...’’

‘‘मग काय? प्रबंध लिहून तो निघून गेला असता. ठोकळे कोण काढणार होतं, तुम्ही? चालता बैल कुणी दावणीचा सोडतो?’’

त्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. उलट एवढा उपयोगी मुलगा आपल्याला सोडून गेला, हा आपल्यावरच अन्याय झाला असं त्यांना वाटत होतं. मला त्यांचा त्या क्षणी मनापासून तिटकारा आला, आणि सर गेले तरी तो कमी झालेला नाही.

मी लांज्याला गेलो. गुरव एका काजूच्या कारखान्यात भट्टीवर देखरेखीला लागला होता. त्याला बाहेर बोलावून मी सगळं सांगितलं. म्हटलं, चल, आकडे बरोबर आहेत हे सरांनीच आमच्यासमोर कबूल केलंय, आता ते अडवू शकणार नाहीत.

त्याने गमछ्याने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

‘‘बाबा मुंबईसून आले होते,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्यात डोकं नाय, मला झेपत नाय, असं सांगितलं मी त्यांना. ते रडले रे. मग म्हणाले, असूदे, आपल्यात कुणालाच नाय.’’

त्याने गमछा खांद्यावर टाकला.

‘‘आता त्यांना काय सांगू? झेपत होतं म्हणून?’’