घारीची साक्ष

घारीच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर ड्रोनच्या पात्यानं उडवलं, तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही. आधी रिमोटवर बोट दाबून पंखे थांबवले, मग हात ओढणीत गुंडाळला आणि शेजारी उभ्या असलेल्या विमा कंपनीच्या माणसाला म्हणाली, "छपराचे फोटो झालेत तुमचे. आता मला दवाखान्यात सोडा." तो माणूस पांढराफटक पडला होता. गाडीसुद्धा शेवटी तिनेच एका हाताने चालवली.

ही हकीकत फिरत फिरत अग्निशमन दलाच्या साहेबांच्या कानावर गेली. त्यांना अशीच बाई हवी होती. तोवर ती कारखान्यांची छपरं, धुराडी, उंच टाक्या तपासून पोट भरत होती. दलात आली आणि जवानांनी तिचं नाव घार ठेवलं. ते इतकं चिकटलं की तिचा नवराही फोनवर विचारायचा, "घार निघाली का घरट्याकडे?"

काम मात्र गमतीचं नव्हतं. पुरात वाहून गेलेलं प्रेत झुडपात कुठे अडकलंय ते शोधायचं. जळत्या इमारतीचा कोणता कोपरा आधी कोसळेल ते उष्णतेच्या कॅमेऱ्यातून पाहायचं आणि आत शिरलेल्या माणसांना वॉकीटॉकीवर सांगायचं. ती वरून बघायची, खालचे तिच्या शब्दावर पाऊल टाकायचे.

घरात तिचा दीर होता. त्याला सगळे धाकटाच म्हणायचे, अगदी मिशा आल्यावरही. त्याला ड्रोनचं वेड वहिनीमुळेच लागलं आणि शिकवलंही तिनेच, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात. ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही. गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही. जिथे बंब किंवा रुग्णवाहिका कामाला लागलीय, तिथे तो पेटीतून बाहेरसुद्धा काढायचा नाही.

"वहिनी, तू घरी पण ड्युटीवरच असतेस," तो हसायचा. त्याच्या व्हिडिओंना बघणारे बरेच होते, आणि त्यांनी वा वा केली की स्वारी जमिनीवर नसायची.

ज्या दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली, त्या दुपारी त्याचा फोन आला. घार तेव्हा बंबाच्या आडोशाला उभी राहून ड्रोन वर चढवत होती.

"वहिनी, मी समोरच्या बांधकामाच्या गच्चीवर आहे. काय दिसतंय इथून! एकच चक्कर मारू का? लांबूनच."

"अजिबात नाही. तिथून खाली उतर आणि घरी जा."

"अगं पण..."

तिने फोन कापला. बोलायला वेळ नव्हता. थिनरची पिंपं फुटत होती आणि प्रत्येक स्फोटाबरोबर छपराचे पत्रे पत्त्यांसारखे उडत होते. एक पत्रा फाटकाजवळच्या वॉचमनच्या खांद्यात घुसला. त्याची किंकाळी ऐकून बाहेरचे नातेवाईक आणखीच बिथरले. फाटकाच्या गजांना धरून ते नावं घेत होते, पोलिसांना ढकलत होते. त्यात गोदामाचा टेम्पो चालवणारा माणूस होता. त्याची बायको आत डबे भरायच्या कामावर होती.

छपराला पडलेल्या भगदाडातून घारीला पोटमाळा दिसला. रिमोटच्या पडद्यावर तीन फिकट आकृत्या, भिंतीला चिकटून सरपटत होत्या.

"काका, तिघी जणी आहेत," ती वॉकीटॉकीवर म्हणाली. काका म्हणजे दलातला सगळ्यात जुना जवान. "जिना खचलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. मागच्या खिडकीला शिडी लावा."

काकांनी शिडी लावली, काच फोडली. पहिली बाई त्यांच्या खांद्यावरून खाली आली, केस जळून टाळूला चिकटलेले. दुसरी आली, तिच्या हातांची कातडी मोज्यासारखी लोंबत होती. तिसरी खिडकीपासून दोन हातांवर होती. काका पुन्हा वर चढले. घारीचं लक्ष आता खिडकीखालच्या पिंपांवर होतं. पिंपं तापून पडद्यावर उजळत चालली होती. "काका, घाई करा" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि पडद्यावर आडवा एक काळा ड्रोन आला.

तो कुणाचा, हे तिला पंख्यांवरूनच कळलं; ते तिनेच बसवून दिले होते. ज्वाळा जवळून टिपायला तो खाली खाली येत होता. तिने आपला ड्रोन बाजूला काढायचा प्रयत्न केला, पण दोन्ही ड्रोनचे पंखे एकमेकांत अडकले. पडद्यावर आभाळ, आग, आभाळ असं गरगरलं आणि सगळं काळं झालं.

"घार? खाली काय दिसतंय?" काकांचा आवाज आला.

"काही दिसत नाही, काका! खाली या! आत्ता खाली या!"

पिंपं फुटली. काका शिडीसकट फेकले गेले आणि कुंपणाच्या भिंतीवर आपटले. मांडीचं हाड पँट फाडून बाहेर आलं. घारीने दुसरा ड्रोन जोडून वर पाठवला, तोवर पोटमाळा खाली बसला होता. पडद्यावर नुसता लाल चिखल होता.

फाटकावरच्या लोकांनी सगळं पाहिलं होतं. काळा ड्रोन लंगडत समोरच्या गच्चीकडे परत जाताना तर सगळ्यांनाच दिसला. कुणीतरी ओरडलं, "त्यानेच मारली!" आणि लोंढा तिकडे वळला. घारीने रिमोट दलातल्या जोडीदाराच्या हातात कोंबला, ड्रोनची रिकामी पत्र्याची पेटी का कोण जाणे हातातच राहिली, आणि ती त्या लोंढ्यामागून धावत सुटली. धावताना तिच्या डोक्यात एवढंच होतं की त्याचं थोबाड आपणच फोडायचं.

गच्चीवर पोहोचली तेव्हा फोडायला फारसं काही उरलं नव्हतं. धाकटा विटांच्या ढिगावर उताणा पडला होता. पाचसहा जण त्याला लाथांनी, विटांनी, सळईने बदडत होते. एकाने त्याच्या मनगटावर सळई घातली तेव्हा सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. त्याचा ड्रोन टेम्पोवाल्याच्या हातात होता, तीन पंखे अजून फिरत होते. "बघायचं होतं ना तुला? बघ! जवळून बघ!" असं म्हणत त्याने ते पंखे धाकट्याच्या तोंडावर दाबले.

रक्ताचा फवारा घारीच्या गळ्यापर्यंत उडाला. तिने दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि टेम्पोवाल्याच्या जबड्यावर हाणली. तो कोलमडला, दात विटांवर सांडले. दुसरा अंगावर आला, त्याच्या गुडघ्यावर तिने पेटीचा कोपरा घातला. मग ती धाकट्यावर आडवी पडली. पाठीवर सळया बसल्या, दोन बरगड्या गेल्या, पण पोलीस वर येईपर्यंत ती हलली नाही. खालून धाकटा पुटपुटत होता, "वहिनी, मला दिसत नाहीये."

"गप्प पड," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस माझ्याशी."

त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. काकांचा पाय वाचला, नोकरी गेली. तिसरी बाई टेम्पोवाल्याची बायको होती; तिचं घरच्यांच्या हाती फारसं काही आलं नाही.

धाकट्यावर खटला उभा राहिला, तेव्हा सासूबाईंनी घारीचे पाय धरले. "तू फोनवर बोललीसच नाहीस असं सांग. त्याला माहीत नव्हतं म्हण. आधीच माझ्या लेकराचा डोळा गेलाय गं."

"पाय सोडा आई," ती म्हणाली. नवरा दाराशी उभा होता. तो आईच्या बाजूनेही बोलला नाही आणि बायकोच्याही.

कोर्टात तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. फोन आला होता, मी नाही म्हटलं होतं, नियम मीच शिकवले होते. धाकट्याच्या वकिलाने मग विचारलं, "आणि त्याच्या डोळ्यावर पंखे कुणी दाबले? तो माणूस इथे हजर आहे का?"

टेम्पोवाला समोरच्या बाकावर बसला होता, जबड्याला तारा बांधलेल्या. त्याने मान खाली घातली नाही.

"धूर होता," घार म्हणाली. "चेहरा दिसला नाही."

"मोकळ्या गच्चीवर धूर? आणि तुम्ही ज्याचा जबडा फोडलात तो?"

"समोर आला त्याला मारलं. त्याच्या हातात काय होतं ते नाही पाहिलं."

आयुष्यात शपथेवर ती एवढंच खोटं बोलली. का बोलली, ते तिने नवऱ्यालाही नीट सांगितलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्याची बायको मी पडद्यावर पाहिली होती रे."

धाकटा शिक्षा भोगून आला, तोवर सासूबाईंनी त्याच घरात चूल वेगळी केली होती. तो आईकडेच राहिला आणि टायरच्या दुकानात काम करू लागला. घार सकाळी निघाली की तो दुसऱ्या खोलीत जायचा. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा ती बूट घालत असताना तो समोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, ती बाई खिडकीपर्यंत आली होती का?"

"हो."

"म्हणजे किती जवळ?"

घारीने बुटाची नाडी आवळली. "काका सांगतात, हात बाहेर काढला होता तिने. काकांची बोटं तिच्या बोटांना लागली होती."

धाकटा खाली बसला, तिथेच उंबऱ्यावर. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, दुसऱ्यातून नुसतीच चिकट ओल. घारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. पण ती लगेच गेलीही नाही. दलाची गाडी बाहेर हॉर्न वाजवत होती, आणि आतून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं? काय म्हणाली ती तुला?"

"काही नाही आई," धाकटा म्हणाला. "मीच विचारलं."