दहा म्हणजे दहा

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळींत शुभदाताईंना मागून सगळे चोपदारीण म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. तशा त्या खाष्ट वगैरे अजिबात नाहीत हं! घरी गेलात तर खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. पण वेळेचा विषय निघाला की बाई म्हणजे साक्षात जमदग्नी.

आणि नोकरीही देवाने अशी दिली की विचारू नका. प्राध्यापकांना गप्प बसवायचा कुणी पगार देत असेल, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. शुभदाताईंना मिळतो. तिथून जवळच्याच एका जुन्या विद्यापीठात त्या पेडेल आहेत. तिकडे पीएचडीची शेवटची परीक्षा म्हणजे मोठा जाहीर सोहळा असतो. उमेदवार मधोमध उभा, समोर काळ्या झग्यांतले प्राध्यापक, मागे नातेवाईक आणि मित्रमंडळी. प्रश्नांची सरबत्ती चालते ती बरोबर पंचेचाळीस मिनिटं. शेहेचाळिसावं लागू द्यायचं नाही, हे काम पेडेलचं. झगा घालून, चांदीच्या मुठीची उंच काठी घेऊन ती दारातून आत येते, काठी जमिनीवर आपटते आणि लॅटिनमध्ये म्हणते, "होरा एस्त." वेळ झाली. मग समोर कितीही मोठा विद्वान असो, त्याचा उरलेला प्रश्न त्याच्या पोटातच राहतो.

बावीस वर्षांपूर्वी त्या नवऱ्यामागोमाग इथे आल्या. श्रीनिवास पेटंटच्या ऑफिसात. ताई बीकॉम, पण इथे त्या बीकॉमला कोण विचारतो? नगरपालिकेच्या वर्गात जाऊन डच शिकल्या आणि विद्यापीठाच्या स्वागतकक्षात चिकटल्या. म्हातारे पेडेल योहान निवृत्त व्हायला आले तेव्हा तेच म्हणाले, "हिला घ्या. आवाज आहे, घड्याळ आहे, आणि ही प्रोफेसरांना घाबरत नाही." पहिल्या दिवशी झगा घालून आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा श्रीनिवास मागून म्हणाला, "इतकी वर्षं घरात फुकट करत होतीस, आता पगारी झालीस." ताईंना राग आला, पण हसूही आलं. त्या दिवसापासून ही बाई आपल्या कामावर मनापासून खूश आहे.

आता त्यांचं एक पाप सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मंडळाच्या गणपतीची आरती अकराला ठेवली की लोक साडेअकराला येतात. हे आपलं पिढीजात दुखणं. ताईंनी त्यावर औषध काढलं. आरती अकराला असेल तर ग्रुपवर लिहायचं दहा. पहिल्या वर्षी लोक धावतपळत आले आणि अर्धा तास गणपतीकडे बघत बसले. दुसऱ्या वर्षापासून शहाणे झाले. ताईंची वेळ आली की त्यात एक तास मिळवायचा, हे लहान पोरांनाही पाठ झालं. आणि त्या हिशेबात सगळ्यांत पक्का झाला तो त्यांचाच नवरा.

उल्का थोरात त्यांच्या आयुष्यात आली ती एका दुपारी स्वागतकक्षात. कराडची मुलगी, इतिहासात पीएचडी करायला आलेली, एकटी. ताईंनी नाव विचारलं आणि पुढच्या रविवारी तिला जेवायला घेऊन गेल्या. मग दर रविवारचंच झालं. उल्काचा विषय होता इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ, नऊशे वर्षांपूर्वी सुरू झालेलं, ते चालवायचं कोण आणि कसं. पोळ्या लाटता लाटता ताई ऐकायच्या आणि लाटणं हवेत राहायचं.

"म्हणजे तिथे मास्तरांना विद्यार्थी नेमायचे?"

"हो ना, ताई! रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुखसुद्धा विद्यार्थीच निवडायचे, आपल्यातलाच. मास्तरला गावाबाहेर जायचं तर विद्यार्थ्यांची परवानगी. चर्चची घंटा झाल्यावर शिकवायला सुरुवात नाही केली, तर दंड. पुढची घंटा झाल्यावरही बोलत राहिला, तर दंड."

"अगं बाई! मला तिथे जन्माला घालायचं सोडून देवाने हे काय केलं?"

"आणि परगावचे विद्यार्थी आपापल्या मुलखाप्रमाणे गट करून राहायचे. आल्प्सच्या अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. निवडणुका, भांडणं, आजारी माणसाला मदत, सगळं गटातच."

"म्हणजे महाराष्ट्र मंडळच की!" ताई म्हणाल्या, आणि दोघी हसून हसून दमल्या.

पण उल्काच्या प्रबंधातला सगळ्यांत मोठा भाग होता तिथल्या बिदेलवर. वर्गावर्गांत फिरून तासाची, सुट्टीची, वादसभेची वर्दी देणारा तो माणूस. ताईंच्या पदाचा मूळपुरुषच म्हणा. ताईंना वाटायचं, पोरीने आपल्यावरच्या मायेने एवढी पानं लिहिली. त्या विचाराने त्या दिवसभर फुलून असायच्या.

परीक्षेला उल्काची आई येणार होती. वडील लहानपणीच गेलेले. आई शाळेत असते, एवढं उल्काने सांगितलं होतं, तेव्हा ताईंनी मनात शिक्षिका धरली होती. दोन दिवस आधी चित्राबाई विमानातून उतरल्या. कधी मुंबईच्या पुढे न गेलेल्या बाई, खांद्यावर शाल, पायांत लेकीने पाठवलेले पांढरे बूट. उल्काच्या खोलीत जागा नाही, म्हणून उतरल्या ताईंकडे. बोलणं थोडं. पण सकाळी सहाला अंघोळ करून तयार. ताईंना त्या पाहताक्षणी आवडल्या.

"मला तिचं इंग्रजी काय कळणार न्हाई, ताई," चित्राबाई म्हणाल्या, "पण एकदा तिला उभं राहून बोलताना बघायचंय. एवढ्यासाठीच आले बघा."

शुक्रवारी ताई सायकलवरून लवकर निघाल्या. निघताना श्रीनिवासला बजावलं, "दहाला आहे. बरोबर दहाला. दहा वाजता दार बंद होतं, मग मी माझ्या बापालाही आत घेत नाही."

"हो गं बाई," तो चहा ढवळत म्हणाला.

दहाला दहा मिनिटं होती. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मात्र रिकामी. बाहेरच्या खोलीत उल्का काळ्या साडीत उभी, दोन्ही बाजूंना रीतीप्रमाणे दोन मैत्रिणी. पूर्वी म्हणे भांडण जुंपलंच तर सावरायला ही जोडी लागायची. उल्काने डोळ्यांनीच विचारलं, आई? ताईंनी मान हलवली, येतायत. आणि कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"निघतोच आहोत," श्रीनिवास म्हणाला. "चित्राबाईंना म्हटलं, जरा पोहे खाऊन घ्या. त्या बिचाऱ्या आठपासून बूट घालून सोफ्यावर बसल्यात. मी म्हटलं, अहो, निवांत बसा."

"श्री! दहाला आहे!"

"तू दहा म्हणालीस. म्हणजे अकराला ना?"

ताईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडणार कुणावर? इतकी वर्षं आपणच लोकांना शिकवलं, शुभदाचे दहा म्हणजे अकरा. पोराने धडा पाठ केला, यात पोराचा काय दोष!

"आत्ताच्या आत्ता नीघ," एवढंच म्हणाल्या.

दहा वाजले. अध्यक्षस्थानी बसणाऱ्या रेक्टरबाईंना थांबा म्हणायची सोय नव्हती. साडेअकराला दुसरा उमेदवार उभा राहणार होता. ताईंनी मिरवणूक आत नेली, सगळ्यांना बसवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आयुष्यात प्रथमच ते दार त्यांना जड लागलं.

दहा वाजून दोन मिनिटांनी उल्काचे डच घरमालक धापा टाकत आले, हातात ट्यूलिप. ताईंनी मान हलवली. "माफ करा, दार बंद झालं." म्हातारा बिचारा समंजस, बाकावर जाऊन बसला. फुलं मांडीवर. ताई दारापाशी काठी घेऊन उभ्या, आणि काटा काही केल्या थांबेना. एरवी पंचेचाळीस मिनिटं म्हणजे त्यांच्या सुखाची बैठक. आतला पुसट आवाज ऐकायचा, घड्याळाकडे बघायचं, बास. आज मात्र त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, बाई, तुझ्या शहाणपणाला आग लागो. सात हजार किलोमीटरवरून आई आली, आणि तू तिला शेवटच्या वळणावर चुकवलंस.

दहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी जिन्यावर पांढरे बूट वाजले. चित्राबाई पुढे, श्रीनिवास मागे, ट्राम चुकलेली, तोंड एवढंसं झालेलं.

"शुभदा, घे ना गं त्यांना आत," तो कुजबुजला. "तुझ्याच हातात आहे."

होतं खरं. दार त्यांच्याच हातात होतं. पण बाकावरचा म्हातारा बघत होता. त्याला चाळीस मिनिटं बाहेर बसवून आता आपल्या माणसाला आत सोडायचं? मग ते दार कसलं आणि ती काठी तरी कसली! ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी चित्राबाईंचा हात धरला.

"माझं चुकलं, चित्राबाई. सगळं माझंच चुकलं. पण मधेच दार उघडता येणार नाही मला. पंचेचाळीसला मी आत जाते, ते दार सगळ्यांसाठीच उघडतं. तुम्ही माझ्या मागून या. आजोबा, तुम्हीही या."

वाटलं होतं, बाई रडेल, निदान रागावेल. चित्राबाईंनी फक्त शालीने कपाळ पुसलं आणि दारावरच्या घड्याळाकडे बघत त्या ताठ उभ्या राहिल्या. "चार मिनिटं हाईत," म्हणाल्या.

आत शेवटचा प्रश्न चालू होता. एक पांढऱ्या मिशांचे प्राध्यापक उल्काला म्हणत होते, राजे, पोप, एवढे मोठे कायदेपंडित सोडून तुम्ही साठ पानं एका वर्दी देणाऱ्या नोकरावर का खर्च केलीत? उल्का म्हणाली, "कारण..."

दार उघडलं. पुढे झगा आणि काठी, मागे शाल आणि पांढरे बूट, त्यामागे ट्यूलिप आणि सगळ्यांत शेवटी श्रीनिवास. लोकांना वाटलं, हीच रीत असेल. ताईंनी काठी आपटली. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "होरा एस्त."

उल्काचं वाक्य तिथेच तुटलं. तिने वळून पाहिलं आणि आई दिसली.

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वेळ झाल्यावर उमेदवाराने थांबायचं. पण हातातलं वाक्य पुरं करायचं का, हे रेक्टर ठरवू शकतो. "वाक्य पूर्ण करायचं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," उल्का म्हणाली. आणि सभागृहासमोर उभी राहून, आईकडे बघत, आधी मराठीतच बोलून गेली. "कारण घंटा देणाऱ्या माणसाशिवाय शाळा भरत नाही आणि सुटतही नाही."

मग भानावर येऊन तिने तेच इंग्रजीत सांगितलं. मिशांखालून प्राध्यापक हसले आणि त्यांनी मान लववली.

पुढे सगळं रीतसर झालं. प्राध्यापक आत गेले, परत आले, लाल मोहरेची पदवी उल्काच्या हातात पडली. आईने पहिल्या रांगेत बसून ते डोळे भरून पाहिलं. नंतर बाहेरच्या दालनात सरबताचे ग्लास आणि चीजच्या बश्या फिरू लागल्या, आणि ताई पुन्हा चित्राबाईंजवळ गेल्या.

"एकच वाक्य मिळालं तुम्हाला. मी दोन मिनिटं काठी उशिरा आपटली असती तर..."

"अवो, उशिरा न्हाई आपटली तेच बरं केलंत!" चित्राबाई म्हणाल्या. "मी तीस वरसं शाळेत शिपाई. घंटा माझ्याकडंच. कुणासाठी म्हणून थांबवली न्हाई."

म्हणजे शिक्षिका नव्हे तर, ताईंना वाटलं.

"नववीला होती ही. वार्षिक परीक्षा. शेवटच्या प्रश्नाच्या दोन ओळी राहिलेल्या. खिडकीतनं माझ्याकडं बघत हात हलवत होती, आई थांब, थांब म्हणून. माझ्या हातात टोल, घंटा बडवायचा. मला दिसत होतं सगळं. दिला टोला. बाईंनी पेपर वढून घेतला. दोन दिवस जेवली न्हाई माझ्यासंगं." त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "काळजात सलत होतं बघा इतकी वरसं. आज टोलाबी पडला, आन् पोरीचं वाक्यबी पुरं झालं."

उल्काने ती साठ पानं कुणासाठी लिहिली, ते शुभदाताईंना आत्ता कळलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. त्यांनी हातातली काठी पुढे केली.

"बघा तर धरून."

चित्राबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली. "आमचा टोल ह्याच्यापेक्षा जड होता," म्हणाल्या. आणि सवयीने, फार जोरात नव्हे, एकदाच जमिनीवर आपटली.

सगळं दालन एकदम गप्प झालं. प्राध्यापकांनी घड्याळं पाहिली, श्रीनिवासने तोंडाशी नेलेलं चीज बशीत परत ठेवलं. आणि पलीकडे मैत्रिणींच्या घोळक्यात हसत असलेली डॉक्टर उल्का थोरात हातातला ग्लास खाली ठेवून ओळीत उभं राहिल्यासारखी ताठ झाली, आणि मग आईकडे बघून रडायला लागली.