अक्कांच्या वाटेवरचे पत्रे

त्या खुणा कशासाठी काढल्या होत्या, हे मला माहीत होतं. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. ज्या दोन-चार लोकांना पत्र्यांची गोष्ट ठाऊक आहे, ते समजतात की माझ्याकडून अजाणता झालं. तसा समज मीच होऊ दिला.

नाना धुळ्यातले जुने पेंटर. पाइप, बियाणं, सिमेंट, लग्नघरची भालदार-चोपदारांची जोडी, सगळं त्यांनी भिंतींवर काढलं. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पुढे फ्लेक्स आला, मी मशीन घेतलं आणि नानांचं काम बसलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. "तू नई आनता तं दुसरा कोन्ही आनता," एवढंच म्हणाले.

अक्का म्हणजे नानांची बायको. पासष्टीनंतर त्या विसरू लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग माणसं, मग गल्ल्या. पण दुपारी चार वाजले की पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला निघायचं, हे काही विसरल्या नाहीत. घरात जुडी पडलेली असली तरी निघायच्या. नानांनी दार लावलं तर दारावर डोकं आपटायच्या. जाताना बरोबर जायच्या, बाजार त्यांना सापडायचा. परत येताना चुकायच्या.

नानांनी आधी बाण काढून पाहिले. अक्का कधी शाळेत गेल्या नव्हत्या. बाणासमोर त्या उभ्या राहायच्या, बघायच्या आणि भलत्याच गल्लीत वळायच्या. मग नानांना अक्कांच्या हातावरचं गोंदण सुचलं. लग्नाआधी माहेरी, शिरपूरकडच्या खेड्यात गोंदलेलं. चार ठिपके, त्यात चौकट, चौकटीवर मोर. नवऱ्याचं नाव आठवेना, पण ते गोंदण आपलं आहे हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. नानांनी निळा, काळा आणि थोडा हिरवा मिसळून गोंदणाचा तो जुना रंग बनवला आणि बाजारापासून घरापर्यंत चौदा ठिकाणी तीच खूण काढली. मोराची चोच प्रत्येक ठिकाणी घराकडे. भिंतीला दिवाळीत चुना लागतो, म्हणून दुकानांच्या पत्र्याच्या पाट्यांवर काढली. जागा ठरवताना त्यांचा नेहमीचाच नियम होता, जाहिरातीच्या भिंती धरताना मला शिकवलेला: एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे.

एकदा नानांबरोबर मी अक्कांच्या मागे मागे चाललो. त्या पत्र्यापाशी थांबायच्या, हात वर करून गोंदण खुणेला लावून बघायच्या. "हाई मनी शे," ही माझी आहे, असं म्हणायच्या आणि चोच जिकडे असेल तिकडे चालायला लागायच्या. सायकल दुकानवाल्याने थट्टा केली, "अक्का, मनं दुकान तुमनं शे का?"

"मनंच शे. भाडं काढ!"

सगळी गल्ली हसली. नानाही हसले. त्या वर्षात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

मी एका खुणेचा फोटो काढून मोबाइलवरून चार लोकांना पाठवला. तो फिरत फिरत पुण्याच्या एका गॅलरीवाल्या बाईंपर्यंत गेला. त्या गाडी करून धुळ्याला आल्या. माझ्याबरोबर गल्ल्यांतून हिंडल्या आणि मला समजावलं की रस्त्यावरच्या चित्रांना आता संग्राहक आहेत, मोठ्या शहरांत लोक चितारलेली शटरं उतरवून दिवाणखान्यात लावतात. "भिंत नेता येत नाही हो. पत्रा येतो," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कोण काढतं हे? काही अर्थ असेल ना?"

मी म्हणालो, "माहीत नाही. असेल कोणी लहरी पेंटर. मनात येईल तिथे काढतो."

असं का म्हणालो, ते लिहितो. खरं सांगितलं असतं तर बाईंनी पत्र्यांना हात लावला नसता. तशा त्या चांगल्या होत्या. आणि थोड्या वेळापूर्वी, चहा घेताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "तुम्हीही चित्रं काढता ना? तुमचंही काम बघू." माझ्या पलंगाखाली वीस वर्षांचे कॅनव्हास पडले होते. धुळ्यात मला सगळे फ्लेक्सवाला म्हणायचे. "तुमचंही काम बघू" असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

त्याच सुमारास नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी. मी भेटायला गेलो तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. "आठ-दहा दिन मी भाहेर निंघाव नई. तू खुना देखत ऱ्हाय. एखादी पुसट दिसनी तं रंग फिराय. अक्कानी वाट शे ती."

"देखस नाना," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानादुकानांत गेलो. जुना पत्रा द्या, नवी पाटी फुकट करून देतो. कोण नाही म्हणेल? सायकलवाल्याने तर वर चहा पाजला. दोन दिवसांत सात पत्रे उतरवले. एकाआड एक. तेवढी लाज बाळगली होती. सगळे नाही ना काढले, निम्मे ठेवले, असं मनाला सांगत होतो. पण मी नानांकडे शिकलेला माणूस. मधली काढली की पुढची दिसत नाही, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. मी तिथे उभा राहून बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी नाना पट्टी बांधून पडले असताना अक्का पिशवी घेऊन निघाल्या. बाजारात पोचल्या, कोथिंबीर घेतली. परत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सोनगीरजवळ हायवेवर सापडल्या. एवढं अंतर चालत गेल्या की कोणाच्या रिक्षात बसल्या, कळलं नाही. पायांना फोड आले होते. ढाब्यासमोर ट्रक उभे होते आणि अक्का एकेका ट्रकच्या मागच्या फळीला हात लावून बघत होत्या. ट्रकच्या फळीवर मोर असतो. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "माताजी रात से हर गाडी का मोर देख रही है." पिशवीतली कोथिंबीर काळी पडली होती. मी अक्कांना गाडीत बसवलं. "हाई मना नई," एवढंच त्या धुळ्यापर्यंत म्हणत होत्या.

त्यानंतर नानांनी बाहेरून कडी घातली. पहिले काही दिवस चार वाजले की आतून डोकं आपटल्याचा आवाज यायचा. मग तोही थांबला. अक्का भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या.

पट्टी निघाल्यावर नाना बाजारापर्यंत चालत गेले. नव्या पाट्या पाहिल्या. मी सांगितलं, दुकानदारांनीच बदलल्या, मी नुसत्या छापून दिल्या. नाना म्हणाले, "तुना काय दोष. दुकानदारस्ले नवं लागस."

पुण्याला मी गेलो. पांढऱ्या भिंतींवर, पिवळ्या दिव्यांखाली आमच्या गल्लीतले पत्रे. खाली लिहिलं होतं: 'अनामिक, धुळे. पत्र्यावर ऑइल पेंट.' विकला गेला की पाटीवर लाल टिकली लावायचे. सहांना लागली. एक गृहस्थ बायकोला विचारत होते, "सोफ्याच्या मागे बसेल का गं?" चारही ठिपके सारखे नाहीत, म्हणून ती नाखूश होती. सगळ्या मोरांच्या चोची एकाच बाजूला होत्या, खाद्यपदार्थांच्या टेबलाकडे. माझे कॅनव्हास बाईंनी पाहिले, छान आहेत म्हणाल्या, आणि ते ज्या दोरीने बांधून नेले होते त्याच दोरीने बांधलेले परत आले. गंजलेला सातवा पत्राही माझ्याकडे परत आला.

हिवाळा संपता संपता अक्का गेल्या. आमच्याकडे म्हणतात, दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं सोबत जातं. तिरडी उचलायच्या आधी नानांनी त्यांचा हात बाहेर काढून ते गोंदण अंगठ्याने पुसल्यासारखं केलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनीच चूक. मी लोकेस्ना पत्रावर काढं. भीतवर काढतू, दरसाल रंग देतू, तं घर उनी असती ती." भिंतीवर काढलं असतं तर अक्का घरी आल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हणालो, "नाही नाना." त्यांना वाटलं मी धीर देतोय.

मग मी दुकान जळगावला हलवलं. नाना ऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीला फोन करतात, पोरांची नावं घेऊन विचारतात. चूक आपली होती असं ते अजून समजतात. सातवा पत्रा माझ्या दुकानात फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

तो पत्रा नानांना परत द्यायचा आहे. आणि त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे की खुणा मी उतरवल्या, त्या कशासाठी आहेत हे माहीत असताना उतरवल्या, त्यांची चूक नव्हती. नानांचं एवढं देणं माझ्याकडे आहे. अजून दिलेलं नाही.